पादुकांचं व्याज

या, असे थोडे पुढे सरकून बसा. मागे बसलं की पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते आणि नेमका मोलाचा शब्द निसटतो. एका बाईची गोष्ट सांगायची आहे. तीत राजा नाही, राक्षस नाही, कोणाला दृष्टांत झाला असंही काही नाही. गुडघे दुखणारी एक बाई आणि आयकर खात्याने तिला विचारलेला एक प्रश्न, एवढंच. पण गोष्ट रामरायाच्या घरातली आहे, तेव्हा मन लावून ऐका.

"हे पैसे तुमचे आहेत का?" तनयाने विचारलं.

"नाहीत की," शशिअक्का म्हणाल्या.

"मग कोणाचे?"

"रामाचे."

तनयाची बोटं लॅपटॉपवर थांबली. "अक्का, इथे ऑप्शन दिलेत. त्यात राम नाही."

"नीट बघ, कण्णा." बाळ म्हणावं तसं त्या तिला कण्णा म्हणत.

"बघितलं. माहिती बरोबर आहे, माहिती चूक आहे, माहिती दुसऱ्याच्या पॅनची आहे. दुसऱ्याची म्हटलं की त्याचा पॅन नंबर मागतंय."

शशिअक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा न घालता हातातच धरून ठेवला. डिसेंबर नुकताच लागला होता. खाली रस्त्यावर कोणीतरी ओल्या रांगोळीवरून स्कूटर नेली म्हणून दोन बायका तमिळमधून त्याचा उद्धार करत होत्या. वर पश्चिम मांबलमच्या त्या दोन खोल्यांत, चौरंगावर रामाच्या चंदनी पादुका होत्या आणि चौरंगासमोर मांडी घालून बसलेली तनया होती.

तनया सांगलीची. गिंडीच्या एका कंपनीत मोटारींचे सुटे भाग संगणकावर आखते. मागच्या रामनवमीला जिन्यावरून झांजा आणि मराठी शब्द ऐकू आले म्हणून वर चढली, प्रसादाला बसली, आणि मग दर रविवारी आमटी-भाताला यायला लागली. शशिअक्कांची मराठी ऐकून पहिल्यांदा तिला हसू यायचं. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात यांचे पूर्वज इकडे आले. त्यांच्याबरोबर आलेली भाषा अजून यांच्या घरात आहे, तिच्यात तमिळ मिसळून गेलेली. शशिअक्का पेरंबूरच्या रेल्वे इस्पितळात परिचारिका होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या, पेन्शन येते, भाड्याच्या घरात राहतात.

आणि आता मोबाइलवर संदेश आला होता, की तुम्ही भरलेल्या विवरणपत्रातलं उत्पन्न आणि आमच्याकडची माहिती जुळत नाही, डिसेंबर संपायच्या आत दुरुस्त करा.

"जुलैमध्ये रिटर्न भरलंत तेव्हा हे व्याज दाखवलंच नाहीत तुम्ही," तनया म्हणाली.

"माझं नाही ते कसं दाखवू?"

"बँकेत नाव तुमचं आहे."

"नाव माझं आहे की. पैसा रामाचा."

यात लबाडी नव्हती, बरं का. या मंडळींची रीतच तशी. रामनवमीचे नऊ दिवस कीर्तन करायचं, आणि ज्याच्या घरी वर्षभर पादुका, त्याच्याचकडे उत्सवाचा पैसा. शशिअक्कांच्या वडिलांकडे तो पितळी डब्यात असायचा. मग पोस्टात गेला, मग बँकेत. तेल-वात, फुटाणे, कीर्तनकाराचं गाडीभाडं, यांतच तो संपायचा, म्हणून कोणाच्या नजरेत आला नाही. पण कुंभकोणमच्या अलकनंदाबाईंनी म्हातारपणी घर विकलं आणि त्यातला वाटा उत्सवाला दिला. शशिअक्का तो चेक घेऊन बँकेत गेल्या आणि आपल्या नावाने मुदत ठेवीत टाकून आल्या. बँकेच्या माणसाने काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही.

"सोपं आहे," तनया म्हणाली. "हे तुमचंच व्याज म्हणून दाखवू. फरकाचा कर भरू. आत्ता इथल्या इथे संपतं."

"म्हणजे लिहायचं, की माझं."

"हो."

"थांब. विचारून येते."

"कोणाला?"

"खात्याला. प्रश्न त्यांचा आहे. उत्तर कसं लिहायचं तेही त्यांनीच सांगू दे."

सोमवारी त्या बसने नुंगंबाक्कमला गेल्या. आयकर कार्यालयात मदतीची खिडकी होती, टोकन होतं, आणि टोकनवाल्यांपेक्षा खुर्च्या कमी होत्या. शशिअक्का भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यभर उभं राहून काम केलेल्या बाईला उभं राहणं नवीन नव्हतं, पण आता गुडघे दर थोड्या वेळाने आपली आठवण करून देत.

पुढच्यांचे प्रश्न कानावर पडत होते. बँकेने व्याजावर कर कापला, मग आता पुन्हा कर कसला? एका आजींना कळत नव्हतं, की आपण घरी बसतो, मग पेन्शनला हे लोक पगार का म्हणतात. एकाचा परतावा अडकला होता, कारण पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव आणि बँकेत नुसतं आद्याक्षर. मुलगा दुबईहून पैसे पाठवतो ते माझं उत्पन्न का, असं एक गृहस्थ तिसऱ्यांदा विचारत होते, कारण पहिल्या दोन उत्तरांनी त्यांचं समाधान झालं नव्हतं. खिडकीतला माणूस प्रत्येकाला सांगत होता. कापलेला कर वजा होतो, उरलेला भरायचा. पेन्शन पगारातच येते. दोन्हीकडे नाव एकसारखं करून घ्या. मुलाने दिलेलं उत्पन्न नाही, त्यावरचं व्याज उत्पन्न आहे. त्याचा घसा बसला होता. बाजूच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

शशिअक्कांनी आपलं म्हणणं तमिळमधून सांगितलं. अस्कं, म्हणजे सगळं, पितळी डब्यापासून.

"दोन वाटा आहेत, अम्मा," तो म्हणाला. "तुमचं असेल तर दाखवा आणि कर भरा. तुमचं नसेल तर ज्याचं आहे त्याचं नाव आणि पॅन द्या."

"देवाचं आहे."

"कुठलं देऊळ?"

"देऊळ नाही. मी राहते ते घर."

तो हसला नाही. दिवसाकाठी त्याने याहून विचित्र ऐकलं असावं. "देवालाही पॅन मिळतो, अम्मा. पुष्कळ देवांना आहे. पण त्याला संस्था लागते, सही करणारी माणसं लागतात. देव घरात असला, तर ते घरातल्या माणसाच्याच नावावर धरलं जातं."

"माझ्या नावावर कसं? आम्ही दोघंही भाड्याने राहतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "पाटी, लवकर करा की." पाटी म्हणजे आजी.

त्याने डोळे मिटून घेतले, दोन बोटांनी दाबले. "मग तुमच्या मंडळाची नोंदणी करा. त्याचा पॅन काढा. पैसा त्यांचा, तुम्ही नुसत्या सांभाळत होता, असं लेखी घ्या आणि ठेव तिकडे वळवा. नाहीतर दर वर्षी हाच प्रश्न येणार." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्रास नको असेल तर माझं म्हणा आणि भरून टाका. लोक तेच करतात."

"जेवलात का?" शशिअक्कांनी विचारलं.

"काय?"

"तोंड सुकलंय तुमचं."

त्याने पुढच्याला बोलावलं. पण शशिअक्का जिन्याकडे वळताना त्याने तो गार चहा एका घोटात संपवलेला त्यांनी पाहिला.

शनिवारी भजन आटोपल्यावर मंडळी बसून राहिली. गजेंद्रराव म्हणजे मंडळातले वडीलधारे, रेल्वेच्या डबे कारखान्यातून निवृत्त झालेले. वयाने शशिअक्कांहून थोडे लहान, तंजावरला एकाच गल्लीत वाढलेले. त्यांची बायको कुमुदिनी. आणि कौशिक, चाळिशीतला, क्रोमपेटला स्वतःचं घर असलेला चार्टर्ड अकाउंटंट. शशिअक्कांनी खिडकीवर काय झालं ते सांगितलं.

"अक्का, तू सरकारला कधीपासून घाबरायला लागलीस?" गजेंद्रराव म्हणाले. "ऑपरेशनच्या खोलीत सर्जनला दटावायचीस तू."

"सर्जन मला खोटं लिहायला सांगायचा नाही, गजेंद्रा."

"खोटं कशाला? माझं म्हण. कर आम्ही अस्के मिळून देतो. तुला एक पैसा पडणार नाही."

"पैशाचं कोण बोलतंय?"

कौशिकने घसा साफ केला. "संस्था करणं अवघड नाही. मी करतो. मागच्या व्याजावरचा करही मग संस्थाच भरेल. फक्त नोंदणीला पत्ता लागतो, आणि घरमालकाचा कागद."

"इथला पत्ता देऊ की."

"इथला घरमालक देणार नाही, अक्का," कुमुदिनी म्हणाली. "नऊ दिवस आपल्या झांजा सोसतो तेच पुष्कळ. मागच्या वर्षी दहाव्या दिवशी मला विचारत होता, तुमचा देव बहिरा आहे का म्हणून."

थोडं हसू झालं. मग कुमुदिनीनेच विचारलं, कारण इतर कोणी विचारणार नव्हतं. "म्हणजे कौशिकचा पत्ता. मग पादुका?"

कोणी चौरंगाकडे पाहिलं नाही.

नियम सगळ्यांना ठाऊक होता. फार पूर्वी एकदा पैसा एका घरी आणि पादुका दुसऱ्या घरी झाल्या होत्या. त्या दोन घरांत अशी तेढ आली, की कितीतरी वर्षं उत्सवच झाला नाही. पुन्हा सुरू केला तेव्हा वडीलधाऱ्यांनी पादुकांवर हात ठेवून ठरवलं, की ही दोन कधी वेगळी करायची नाहीत.

"म्हणूनच म्हणतो," गजेंद्रराव आता हळू आवाजात म्हणाले. "माझं म्हण. तू आहेस तोवर पादुका इथंच राहतील. तुझ्याकडून त्या मागायला या खोलीत कोणाची जीभ उचलणार नाही."

"आणि मी गेल्यावर?"

"मग बघू."

"मी गेल्यावर बँक माझ्या भाच्याला बोलावेल. तो बोस्टनला. मी माझं म्हणून लिहिलेलं, म्हणजे ते त्याचं. तो काय करील? चांगला पोरगा आहे, पण त्याला रामनवमी कधी येते हेही फोनवर सांगावं लागतं."

"तू ठरव, अक्का," असं म्हणून मंडळी उठली. जिना उतरताना कौशिक मागे राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. "मी हे मागितलं नाही, अक्का," एवढंच तो म्हणाला.

"ठाऊक आहे. कागद तयार कर. बेगीन कर."

आता तुम्हाला सांगायला हवं, की त्या पादुका शशिअक्कांच्या कोण होत्या. वडील गेले तेव्हा भाऊ बदलीच्या नोकरीत, म्हणून त्या शशिअक्कांकडे आल्या. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचं, आंघोळ करायची आणि चौरंगासमोर बसायचं. पूजा अशी फार नाही. पाणी, चंदन, तुळस. मग शशिअक्का त्यांना रात्रीचं सांगायच्या. कोणत्या खाटेवरचा ताप उतरला, कोणाचं बाळंतपण अडलं, कोण पहाटे गेलं आणि त्याची बायको कशी नळाखाली भांडं धरून उभीच राहिली. वॉर्डातलं बाहेर बोलायचं नसतं. घरी ऐकणारं माणूस नव्हतं. देवभोळं म्हणा हवं तर, पण इतकी वर्षं कोणी आपलं ऐकून घेतलं, तर त्याला काय म्हणायचं? निवृत्तीनंतर सांगायला इस्पितळ राहिलं नाही. मग भाजीचा भाव, गुडघ्यांचं दुखणं, खालच्या मजल्यावरचं भांडण. सांगणं चालू होतं.

कौशिकचे कागद झाले, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तनया आली. लॅपटॉप उघडला, पण लगेच काही लिहिलं नाही.

"अक्का, मी विचार केला. कोणाचं नुकसान होतंय यात? खात्याला कर मिळतो. उत्सव होतो. तुम्ही कोणाला फसवत नाही. बोस्टनच्या भाच्याचं काय, मृत्युपत्र करता येईल."

"होय की. करता येईल."

"मग?"

शशिअक्का भाजी निवडत होत्या. हात चालूच राहिले. "ऑपरेशनच्या आधी बायकांचे दागिने काढून आमच्याकडे द्यायचे. कापडात बांधायचे, वर नाव लिहायचं. एकदा एक बाई आतून परत आली नाही. घरचं कोणी आलं नाही. गाठोडं माझ्या कपाटात. मेट्रन म्हणाली, राहू दे आता तुझ्याकडे, कोण विचारतंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तिच्या गावी पत्र घातलं. बऱ्याच दिवसांनी तिचा भाऊ आला आणि घेऊन गेला."

"पण ते दागिने होते, अक्का," तनया म्हणाली. "ह्या तर तुमच्या…" सांगलीला आईला फोन करून रडावं असं तिला वाटलं, आणि रडायचं कारण आईला कसं समजवायचं तेही कळेना.

"पाळी संपली की पेशंट पुढच्या सिस्टरच्या हाती द्यायचा असतो," शशिअक्का म्हणाल्या. "कितीही जीव लागलेला असला तरी. आपला असता तर घरी नेला असता की." त्यांनी निवडलेली भाजी ताटात सारखी केली. "लिही, कण्णा. माझं नाही."

कौशिकने पाठवलेला मंडळाचा नवा पॅन नंबर तनयाने घातला. दोनदा ताडून पाहिला. मग बटण दाबलं.

"झालं?"

"झालं."

"ते काय म्हणाले?"

"तुमचा प्रतिसाद नोंदवला, म्हणतात."

"एवढंच?"

"एवढंच."

शशिअक्कांनी मान हलवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "आमटी गरम करते. तू हात धुऊन घे."

पोंगल झाल्यावर, एका गुरुवारी सकाळी कौशिक आणि त्याची बायको कीर्तना गाडी घेऊन आले. मंडळी जमली होती. एक पद झालं, आरती झाली. गजेंद्ररावांनी झांज वाजवली, पण मधेच ताल चुकला आणि त्यांनी ती खाली ठेवली.

शशिअक्कांनी पादुका रेशमी कापडावर ठेवल्या आणि कीर्तनाला समोर बसवलं. कीर्तनाला मराठी समजतं, बोलताना मात्र तमिळ येतं. ती मोबाइलवर टिपून घेऊ लागली.

"आंघोळ घातली की लगेच पुसायचं. पाणी राहिलं तर चंदन फाटतं. डाव्या पादुकेची टाच थोडी फुटलेली आहे, तिथं कापडाचा धागा अडकतो, ओढायचा नाही. तेल वर्षातून एकदा, बोटावर घेऊन. उन्हात ठेवायच्या नाहीत."

"आमच्याकडे ए.सी. आहे, अक्का," कीर्तना धीर देत म्हणाली.

"ए.सी. नको. लाकूड आहे ते. खिडकी उघडी ठेव."

"सेरी, बरं. आणखी काही?"

सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती मोबाइलवर टिपण्यासारखी नव्हती.

"सकाळी थोडा वेळ बस त्यांच्यापुढं," त्या म्हणाल्या. "काम असलं तरी."

कीर्तनाने ते टिपायला बोट उचललं, मग मोबाइल बाजूला ठेवला आणि शशिअक्कांच्या पायांवर डोकं टेकवलं. कौशिक पादुका छातीशी धरून जिना उतरला. शशिअक्का पहिल्या पायरीपर्यंत गेल्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली पोहोचायला वेळ लागला असता, आणि गाडी चुकीच्या जागी लावलेली होती, मागचे हॉर्न वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या कोपऱ्यावर गेल्या. फुलवालीने त्यांना लांबूनच पाहिलं आणि टोपलीतली शेवंतीची माळ कोपरापासून बोटांपर्यंत मोजून कापली. कापून झाल्यावर शशिअक्का म्हणाल्या, "आज नको होती, अम्मा."

"का? गावाला चाललात?"

"मी नाही. ते गेले."

फुलवालीला काय समजलं कोण जाणे. कापलेली माळ पुन्हा जोडता येत नाही, म्हणून ती म्हणाली, "मग तुम्ही माळा."

"मी?" नोकरीत वॉर्डात फुलं चालत नसत, आणि घरात फूल आलं की ते चौरंगावर जायचं. "माझ्याजवळ आकडा नाही."

फुलवालीने स्वतःच्या अंबाड्यातला एक आकडा उपसला. शशिअक्कांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, पाठ वळवली आणि रस्त्याच्या कडेला, बसची वाट पाहणाऱ्या माणसांसमोर, मान थोडी वाकवून उभ्या राहिल्या. पांढऱ्या केसांत पिवळी शेवंती बसायला जरा वेळ लागला. पैसे दिले, पिशवी उचलली आणि भिंतीला हात लावत, सावकाश, त्या घराकडे चालू लागल्या.

तर अशी ही गोष्ट. कौशिकच्या अंगणात आता उत्सव मोठा होतो, लांबलांबचे कीर्तनकार येतात, गादी रंगते. कधी तिकडे कथा ऐकायला बसलात आणि आरतीनंतर पादुकांवर डोकं टेकायची पाळी तुमची आली, तर रामरायाचं नाव घेताना जोडीला माझी एवढी विनंती ऐका. पश्चिम मांबलमच्या शशिअक्कांना एकदा आठवा.